घरगुती पाळणाघरातली काचेची दारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निंदणाला, सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी लेकरं कुणाच्या तरी भरवशावर सोडून जातात. त्यासाठी घरातच पाळणाघर चालवणाऱ्या ताया, काकू आता बऱ्याच गावांत आहेत. त्याच गावांत नवं स्लॅबचं घर बांधताना समोरच्या दाराला आणि छपरीला अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि काच लावायची पद्धतही आली आहे. वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर या भागांतून आम्हाला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे चार-पाचच लेकरं येतात आणि मी दिवसभर त्यांच्यासमोरच असते. मग दाराच्या काचेची एवढी काळजी कशाला?

लक्ष ठेवायलाच हवं. पण तुम्ही एकाची चड्डी बदलत असता तेवढ्यात दुसरं दारापर्यंत पोचलेलं असतं. दोन-तीन वर्षांचं लेकरू पळताना समोर पाहत नाही, मागे कोण येतंय ते पाहत पळतं. स्वच्छ पुसलेली काच त्याला दिसतही नाही. त्याला दिसतं ते अंगण, म्हणून ते थेट अंगणाकडे धावतं.

साध्या काचेवर आदळलं की बहुतेक वेळा आधी हात जातो. काच फुटून हात आरपार निघतो आणि घाबरून लेकरू तो झटक्यात मागे ओढतं. चौकटीत अडकलेल्या टोकदार तुकड्यांनी मनगट आणि दंड कापला जातो तो या मागे ओढण्यात. मनगटाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या आणि बोटं हलवणाऱ्या शिरा अगदी वरवर असतात. म्हणून आम्ही सगळ्यांना एकच सांगतो: लेकरू कधी ना कधी काचेवर आदळणार हे धरूनच चाला, आणि आदळलं तरी कापलं जाणार नाही अशी सोय त्या जागी करून ठेवा.

२. साधी काच, टफन काच, लॅमिनेटेड काच यांत फरक काय?

साधी काच फुटली की सुरीसारखे लांब, धारदार तुकडे होतात. खिडक्यांना, शोकेसला आणि बहुतेक जुन्या दारांना हीच असते.

टफन काच म्हणजे साधीच काच, पण भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून थंड हवेच्या झोताने झटकन गार केलेली. त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा साधारण चार-पाच पट मजबूत होते. फुटलीच तर पूर्ण तावदान एकदम खळकन खाली येतं, पण तुकडे खडीसाखरेएवढे आणि बोथट कडांचे असतात. खरचटतं, पण खोल जखम सहसा होत नाही.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर चिकटवलेला असतो. ती तडकते, पण तुकडे त्या थराला धरून जागेवरच राहतात. मोटारीची समोरची काच लॅमिनेटेड असते आणि बाजूच्या खिडक्यांची सहसा टफन. अपघात झालेली गाडी पाहिली असेल तर दोन्हींतला फरक लगेच लक्षात येईल.

पाळणाघराच्या दाराला टफन किंवा लॅमिनेटेड, दोन्ही चालतात. लॅमिनेटेड काच फुटल्यावरही दार बंद राहतं, लेकरू आरपार पडत नाही. त्यामुळे दाराबाहेर पायऱ्या, ओटा किंवा विहीर असेल तर आम्ही लॅमिनेटेड सुचवतो.

३. आमच्या दाराला आधीच काच बसवली आहे. ती टफन आहे का, हे कसं ओळखावं?

आधी चारही कोपरे नीट पाहा. टफन काचेच्या एका कोपऱ्यात सहसा कंपनीचा छोटा, न पुसला जाणारा शिक्का असतो. त्यात ‘टफन्ड’ असा शब्द, आयएसआयचं चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक असू शकतो. नखाने खरवडून पाहा. निघून आला तर तो नुसता स्टिकर आहे. कधी शिक्का अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दबलेला असतो. अशा वेळी फॅब्रिकेटरला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची दारं-चौकटी करणाऱ्याला, एका बाजूची बीडिंग, म्हणजे काच चौकटीत धरून ठेवणारी ती पट्टी, काढायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. बीडिंग निघाली की काचेची कडही दिसते. टफन काचेची कड घासून मऊ केलेली असते, कारण तापवायच्या आधी ती घासावीच लागते. नुसती कापून बसवलेली, बोटाला धार लागणारी कड साध्या काचेची असते.

आणखी एक युक्ती आहे. कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी तो घालून काचेकडे जरा तिरपं पाहा. टफन काचेत फिकट-गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेत ते दिसत नाहीत.

काच ठोकून आवाजावरून ओळखता येत नाही. आणि ‘घर बांधताना टफनच सांगितली होती’ हा पुरावा धरू नका. शिक्का सापडेपर्यंत ती साधी आहे असंच समजून चाला.

४. काचवाला म्हणतो, टफनची भानगड नको, साधीच ८ मिलिमीटरची जाड काच टाकून देतो. चालेल का?

नाही. जाड साधी काच फुटायला जास्त जोर लागतो एवढंच. फुटली तर तिचे तुकडे तितकेच धारदार असतात, वर जास्त वजनदार.

५. आतून तारेची जाळी असलेली काच मिळते. ती तर तुटणारच नाही ना?

तुटते. तारेमुळे तुकडे खाली पडत नाहीत, पण ही काच आघाताला साध्या काचेपेक्षा कमजोर असते. फुटलेल्या जागेतून आत गेलेला हात तारांच्या टोकांनी आणखी फाटतो. पाळणाघरात ती असेल तर तिला साधी काच समजा आणि प्रश्न ८ प्रमाणे फिल्म लावा.

६. घरात काच बरीच आहे आणि पैसे थोडेच. आधी कुठली बदलू?

जमिनीवर बसा, लेकराच्या उंचीवर या आणि खोलीभर नजर फिरवा. उभं राहून जे दिसत नाही ते तिथून दिसतं.

पहिला नंबर दाराच्या काचेचा, त्यातही जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचा भाग. त्याच्यालगत, म्हणजे चौकटीपासून फूटभर अंतरात असलेली बाजूची उभी काच तितकीच धोक्याची. दार समजून लेकरं तिच्यावरच धडकतात आणि दार बदलणाऱ्या बहुतेकांना ती आठवत नाही. मग अडीच फुटांपेक्षा खाली सुरू होणाऱ्या खिडक्या. त्यानंतर टीव्हीखालची सरकत्या काचांची शोकेस, काचेचा टीपॉय, आणि भिंतीला टेकवून नुसताच ठेवलेला मोठा आरसा. टीपॉय आणि आरसा यांना पैसे लागतच नाहीत: टीपॉय दुसऱ्या खोलीत जातो आणि आरसा वर खिळ्याला. शोकेसच्या काचा काढून त्या जागी पडदा लावला की काम झालं.

छताजवळची हवेची खिडकी शेवटी. तिथवर लेकरू पोचत नाही, पण चेंडू पोचतो. म्हणून बॅट-चेंडू अंगणातच.

७. नवीन काच सांगताना काचवाल्याला नेमकं काय सांगू?

टफन काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही, प्रयत्न केला की चुरा होतो. त्यामुळे माप एकदाच आणि अचूक घ्यावं लागतं. हँडल, कुलूप, बिजागरी यांची भोकं कुठे हवीत ते ऑर्डर देतानाच सांगा. तालुक्याचा दुकानदार माप घेतो, पण काच मोठ्या शहरातून टफन होऊन येते, म्हणून मधले दिवस धरून ठेवा आणि तोवर प्रश्न १० मधली सोय करा.

चौकटीत बसणाऱ्या दाराला ५ किंवा ६ मिलिमीटर टफन सहसा पुरते. चौकट नसलेलं, दुकानासारखं अख्ख्या काचेचं दार असेल तर १० किंवा १२ मिलिमीटर लागते. खरं सांगायचं तर घरगुती पाळणाघरात असं दार आम्हाला पटत नाही. ते जड असतं आणि त्याची उघडी कड लेकराच्या तोंडाशी येते.

वजनाचा हिशोब आधी करा. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो असतं. सहा बाय तीन फुटांच्या दाराला ५ मिलिमीटर काच लावली तर नुसती काच २१ किलोच्या आसपास जाते. जुन्या दारात ४ मिलिमीटर असेल तर बिजागऱ्या नव्या वजनाच्या आहेत का, खाचेत नवी काच रबरासकट बसते का, हे फॅब्रिकेटरला विचारा. काच धातूला किंवा स्क्रूला टेकता कामा नये, मध्ये सगळीकडे रबर हवं.

शिक्का बाहेरून दिसेल असा बसवायला सांगा. बिलावर ‘काच’ एवढंच लिहून घेऊ नका. टफन की लॅमिनेटेड आणि किती मिलिमीटर, हे लिहून घ्या.

८. काच बदलणं परवडत नाही. सेफ्टी फिल्म लावली तर पुरेल का?

चांगली लावली तर बऱ्यापैकी. फिल्म काचेला मजबूत करत नाही, काच फुटायची तेव्हा फुटतेच. पण तुकडे फिल्मला चिकटून राहतात, हात आरपार जात नाही आणि टोकं उघडी पडत नाहीत.

घेताना ‘सेफ्टी फिल्म’ असंच सांगा आणि जाडी विचारा. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ घेऊ नका, मोठ्या तावदानाला २०० मायक्रॉन बरी. सजावटीची नक्षीदार फिल्म आणि गाडीला लावतात ती काळी फिल्म या कामाच्या नाहीत.

लावणाऱ्याच्या हाताकडे लक्ष असू द्या. आधी काच साबणाच्या पाण्याने धुऊन ब्लेडने खरवडायची, मग ओल्या काचेवर फिल्म ठेवून रबरी पट्टीने पाणी मधून कडेकडे काढायचं. आमच्याकडे सगळ्यात जास्त चूक होते ती कडेला. फिल्म बीडिंगच्या आधीच बोटभर कापून सोडतात. काच फुटली की ती नेमकी त्या उघड्या पट्टीतून सुटते आणि अख्खं तावदान फिल्मसकट खाली येतं. फिल्म अगदी कडेपर्यंत हवी. बीडिंग काढून तिच्याखाली गेली तर उत्तम.

लावल्यावर काही आठवडे आत पाण्याचे धूसर डाग दिसतात, ते आपोआप वाळतात. पूर्ण चिकटायला महिनाभर लागतो, तोवर तिथे घासपूस करू नका आणि लेकरांना नख लावू देऊ नका. नंतर मऊ ओल्या कापडाने पुसा. कड सुटली, फुगा आला की ती फिल्म बदलायला आली समजा.

९. मे महिन्यात दुपारी कुणी हातही लावला नाही आणि काच आपोआप तडकली. असं का होतं?

आपल्याकडे मेमध्ये ४५-४६ अंश म्हणजे नवल नाही. पश्चिमेच्या दारावर दुपारनंतर ऊन येतं, काचेचा मधला भाग तापतो, पण चौकटीत दबलेली कड किंवा सज्ज्याच्या सावलीतला भाग त्या मानाने गार राहतो. साध्या काचेच्या दोन भागांत साधारण ४० अंशांचा फरक पडला की तडा जाऊ शकतो. असा तडा कडेपासून काटकोनात सुरू होतो आणि मग वाकडातिकडा पसरतो. कड कापताना खडबडीत राहिली असेल तर तो लवकर जातो. टफन काच याहून कितीतरी जास्त फरक सोसते, हा तिचा आणखी एक फायदा.

तीन गोष्टी टाळा. साध्या काचेवर काळी फिल्म लावू नका, ती ऊन शोषून काच आणखी तापवते. काचेला आतून चिकटून जाड पडदा किंवा गादी ठेवू नका, हवा खेळायला चार बोटं जागा ठेवा. आणि कूलर. कूलरचं पाणी उडून तापलेल्या काचेवर पडत असेल तर कूलर सरकवा. त्याच कूलरमुळे दाराजवळची फरशी ओली होते आणि घसरलेलं लेकरू काचेवरच जातं, म्हणून दारापासून चार पावलं तरी अंतर ठेवा. तापलेल्या दारावर गारव्यासाठी बादलीने पाणी मारायची सवय असेल तर तीही सोडा.

क्वचित टफन काचही विनाकारण फुटते. बनवताना काचेत निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण राहिला असेल, किंवा बसवताना कडेला टवका उडाला असेल, तर महिन्यांनी, वर्षांनीही ती अचानक चुरा होते. झोपण्याच्या जागेच्या अगदी वर किंवा लगत टफन काच असेल तर तिच्यावरही फिल्म लावून घ्या.

१०. घर भाड्याचं आहे, मालक काचेला हात लावू देत नाही. काय करू?

फिल्मला बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत. तीही नको असेल तर काच आणि लेकरू यांच्यामध्ये आड उभी करा. दाराच्या आतून तीन-साडेतीन फूट उंचीचं लोखंडी जाळीचं किंवा उभ्या गजांचं छोटं फाटक गावातला वेल्डर करून देतो. ते काचेपासून वीतभर आत असावं. गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा कमी फट ठेवायला सांगा, नाहीतर डोकं अडकतं. आडवे गज नकोत, लेकरं त्यांची शिडी करतात.

तात्पुरती सोय हवी असेल तर काचेच्या खालच्या भागाला आतून प्लायवूडचा तुकडा चौकटीशी पक्का बांधा. खाट उभी करून किंवा कट्टे रचून केलेली आड आम्हाला मान्य नाही. ती अंगावर पडते, नाहीतर तिच्यावर चढून लेकरू काचेच्या वरच्या भागापर्यंत पोचतं.

११. दाराचा खालचा भाग काचेचाच का ठेवायचा? तिथे दुसरं काही लावता येईल?

येतं, आणि स्वतःचं दार असेल तर सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय हाच. दारात मध्ये आडवी पट्टी असेल तर खालची काच काढून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा बोर्ड बसवता येतो. उजेड हवा असेल तर पॉलिकार्बोनेट शीट घ्या. तिच्यावर ओरखडे पडतात, उन्हाने ती काही वर्षांत पिवळी पडते, पण लेकराच्या धडकेने फुटत नाही. अ‍ॅक्रिलिक तिच्यासारखंच दिसतं, पण ते तडकतं आणि त्याचीही टोकं होतात. दुकानात दोन्हींना ‘प्लॅस्टिकची काच’ म्हणतात, म्हणून नाव विचारूनच घ्या.

१२. काचेवर स्टिकर किती उंचीवर लावावेत?

वर्षाचं लेकरू साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि तीन वर्षांचं ९५ च्या आसपास. म्हणून एक ओळ जमिनीपासून दोन फुटांवर, दुसरी तीन फुटांवर. शिवाय मोठ्यांसाठी साडेचार-पाच फुटांवर एक. उन्हातून आत येणारे आजोबाही काचेवर आदळतात.

मधोमध एकच फूल चिकटवून भागत नाही, लेकरू त्याच्या बाजूने जायला पाहतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळ हवी आणि दोन चित्रांत वीतभरापेक्षा जास्त जागा नको. दिवसा बाहेर उजेड असतो, दिवेलागणीला आत, त्यामुळे एकच रंग दोन्ही वेळा दिसेलच असं नाही. गडद आणि पांढरा दोन्ही वापरा. लेकरांचे कागदावर काढलेले पंजे कापून लावले तर त्यांना त्या जागेची ओळखही होते.

स्टिकर धडक कमी करतात, जखम टाळत नाहीत. काचेचं काम बाकीच राहतं.

१३. दारात बोटं चेमटतात, यावर काही उपाय?

बिजागरीच्या बाजूची फट ही कडीच्या बाजूपेक्षा वाईट, कारण तिथे दार तरफेसारखं दाबतं आणि छोटं बोट सहज तुटू शकतं. त्या फटीवर आतून-बाहेरून रबरी किंवा पीव्हीसीची लवचीक पट्टी मिळते. मिळाली नाही तर रेक्झिनची रुंद पट्टी एका कडेला चौकटीवर आणि दुसऱ्या कडेला दारावर पक्की करा, दार उघडेल एवढी सैल ठेवून. साडेतीन-चार फूट उंचीपर्यंत लावली की पुरे.

कडीच्या बाजूला एसी मेकॅनिककडे तांब्याच्या नळीवर चढवायचा काळ्या फोमचा पाइप मिळतो. त्याचा वीतभर तुकडा उभा चिरून दाराच्या कडेवर, लेकराचा हात पोचणार नाही इतका वर बसवा. वाऱ्याने दार आपटलं तरी ते पूर्ण मिटत नाही. पावसाळ्याआधीच्या वावटळीत हे फार कामाला येतं. उघडं दार भिंतीला धरून ठेवणारा चुंबकाचा किंवा हुकाचा स्टॉपरही लावा.

१४. सरकतं दार असेल तर वेगळं काय पाहायचं?

रूळ. त्यात माती, कापसाचे तंतू, भाताचे दाणे जाऊन चाकं अडकतात, मग आपण हिसका देतो आणि दार रुळावरून उचकटतं. वरच्या खाचेत दार उचललं जाऊ नये म्हणून अडणी असतात, त्या आहेत का ते पाहा. दोन्ही हातांनी दार वर उचलून बघा, निघत असेल तर फॅब्रिकेटरला बोलवा. रूळ रोज झाडायचा. दार थोडंच उघडं ठेवायचं असेल तर रुळावर स्टॉपर लावा आणि फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. काचेचं बाकी सगळं प्रश्न २ ते ८ प्रमाणेच.

१५. लेकरं दार उघडून बाहेर जातात म्हणून मी आतून कुलूप लावते. बरोबर आहे का?

कुलूप नको. पाच फुटांवर साधी कडी लावा, जी घरातल्या आजींनाही किल्ली न शोधता एका हाताने उघडता येईल. आग लागली, साप निघाला, तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

आपल्याकडची एक अडचण वेगळीच आहे. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, बरेचदा मागच्या खोलीत, आणि मागचं दार त्याच्याआड जातं. मग पुढचं काचेचं दार हा एकच रस्ता उरतो. कापूस एका ठिणगीने पेट घेतो. लेकरं घरात असताना मागचं दार उघडता आलं पाहिजे, आणि कापसाची खोली लेकरांच्या खोलीला लागून नको. जागाच नसेल तर तेवढे महिने पाळणाघर दुसऱ्या घरात न्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१६. वानरं काचेवर झडप घालतात, आणि एकदा तर बोकडाने दाराला टक्कर दिली. हे कसं थांबवायचं?

दोघांनाही काचेत दुसरा वानर, दुसरा बोकड दिसतो आणि ते त्याच्याशी भांडायला येतात. दिवसा खोलीत अंधार आणि बाहेर ऊन असलं की काच आरसाच होते. बाहेरून दुधी रंगाची फिल्म लावा, किंवा काचेबाहेर फूटभर अंतरावर हिरवी शेडनेट टांगा. प्रतिबिंब गेलं की त्यांचं येणं थांबतं. शेडनेटने ऊनही अडतं, म्हणजे प्रश्न ९ ची काळजीही कमी होते. शेळ्या बांधायची दावण मात्र दारासमोरून हलवा. बाहेरची दुधी फिल्म ही आतल्या सेफ्टी फिल्मची जागा घेत नाही.

१७. काच फुटलीच तर आधी काय करायचं?

आधी लेकरं. सगळ्यांना दुसऱ्या खोलीत न्या, मोजा, तळपाय आणि केस पाहा. रांगणाऱ्याला उचलूनच न्या. मग चप्पल घालून परत या.

मोठे तुकडे जाड कापडाने उचला, उरलेलं झाडा, आणि मग खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा. राहिलेला प्रत्येक कण चमकतो. ते टिपायला कणकेचा ओला गोळा फरशीवर दाबत न्या, आणि तो गोळा गाईला न घालता काचेसोबतच बांधून टाका. गोधड्या, सतरंज्या बाहेर नेऊन झटका. खोलीत उघडं असलेलं अन्न आणि पाणी फेकून द्या.

तुकडे उकिरड्यावर कधीच नकोत. तो उकिरडा उन्हाळ्यात शेणखत म्हणून वावरात जातो आणि पुढच्या निंदणाला कुणाच्या तरी अनवाणी पायात ती काच निघते. जुन्या तेलाच्या डब्यात भरून, झाकण पक्कं करून, वर ‘काच’ लिहून भंगारवाल्याला द्या.

तडा गेलेल्या काचेला टेप लावून दिवस ढकलू नका. काच बदलेपर्यंत लेकरं त्या खोलीत नकोत.

१८. लेकराला काच लागली, रक्त येतंय. घरी काय करावं आणि दवाखान्यात कधी न्यावं?

स्वच्छ सुती कापड जखमेवर दाबून धरा आणि हात किंवा पाय छातीपेक्षा वर उचला. दहा मिनिटं सलग दाबायचं, मधेच उघडून पाहायचं नाही. काच आत रुतलेली असेल तर ती ओढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळद, चुना, तंबाखू, चहापत्ती, राख यांतलं काहीही जखमेवर नको. डॉक्टरांना जखम दिसत नाही आणि ती पिकते.

दहा मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल, ते उसळून येत असेल, जखम मान, मनगट, काख किंवा डोळ्याजवळ असेल, बोट हलत नसेल, काच आत असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने, दाब न सोडता, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. काच गिळल्याची शंका असेल तर उलटी करवू नका, तसंच न्या. डोकं आदळलं पण रक्त नाही, अशा वेळी २४ तास लक्ष ठेवा. उलट्या, अति झोप, झटके, किंवा चालताना तोल जाणं दिसलं तर थांबू नका.

धनुर्वाताच्या लसीचं डॉक्टर विचारतीलच. धनुर्वाताची लस ज्यात असते त्या डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि दुसरा ५-६ वर्षांचं असताना असतो. आई वावरात असते, फोन लागत नाही, म्हणून प्रत्येक लेकराच्या लसीकरण कार्डाचा फोटो तुमच्याकडे पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

१९. पालक लेकरासोबत वॉकर देतात. वापरू का?

वापरू नका आणि तसं पालकांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. वॉकरमध्ये लेकरू त्याच्या वयाला न झेपणाऱ्या वेगाने काचेपर्यंत किंवा पायरीपर्यंत जातं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. त्याने चालणं लवकर येतं हाही गैरसमज आहे.

२०. माझ्याकडे एक पोट्टं येतं, ते रागात मुद्दाम काचेवर डोकं आपटतं. टफन काच आहे, तरी भीती वाटते.

भीती बरोबर आहे. टफन काच एखाद्या धडकेसाठी असते. रोज त्याच जागी डोकं किंवा कडक खेळणं आपटत राहिलं तर ती कधीतरी जाईल, आणि चेहऱ्यासमोर चुरा होईल. या लेकरासाठी काच आणि त्याच्यामध्ये अंतर हवंच: प्रश्न १० मधलं फाटक, किंवा प्रश्न ११ प्रमाणे खालचा भाग पत्र्याचा. काच ठेवायचीच असेल तर लॅमिनेटेड. त्याची बसायची, झोपायची जागा काचेपासून सगळ्यात लांबच्या भिंतीशी करा.

रागावून उपयोग नाही. कधी आपटतं ते आठ-दहा दिवस वहीत लिहून ठेवा: भूक लागल्यावर, झोपेच्या वेळी, गोंगाट झाल्यावर, की आई गेल्या गेल्या. ती वही आईला दाखवा. लहान वयात काही लेकरं असं करतात आणि मोठी झाली की थांबतात. पण ते बोलायला मागे असेल, हाक मारल्यावर पाहत नसेल, किंवा कान दुखल्यासारखं करत असेल, तर तपासणी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, सेविकेला तारीख विचारा. तिथून गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, आणि तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. मजुरी बुडते म्हणून आई जायला कचरत असेल तर पहिल्या वेळी तुम्ही तिच्यासोबत जा, ती वही घेऊन.